नोटिशीतला स्वातंत्र्यदिन

सचिव (ए-२०१): सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोमवार दि. २६ जानेवारी रोजी स. ८ वा. स्वातंत्र्यदिनानिमित्त आवारात झेंडावंदन होईल. नंतर जिलबी व चहा. गाड्या मागच्या बाजूला लावाव्यात.

देशपांडे काकू (बी-३०४): स्वातंत्र्यदिन?? ऑगस्टची नोटीस परत डकवलीत ना 😄

ओंकार (सी-१०२): कॉपी-पेस्ट पकडली गेली 🤦

सचिव: क्षमस्व, घाईत झालं. बदलतो.

जोशी सर (ए-४०३): थांबा जरा. १९३० पासून सतरा वर्षं आपल्याकडे २६ जानेवारीलाच स्वातंत्र्यदिन पाळायचे.

देशपांडे काकू: काहीतरीच काय सर! मिळायच्या आधी?

जोशी सर: आधीच तर. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष नेहरू. संपूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि ३१ तारखेच्या मध्यरात्री रावीकाठी तिरंगा चढवला. तेव्हा मधे चरखा होता. मग गावोगावी लोकांनी प्रतिज्ञा घ्यायची म्हणून जानेवारीचा शेवटचा रविवार धरला. तो आला २६ ला. एरवी त्या तारखेत काही नाही. लोकांना कामधंदा बुडवायला लागू नये म्हणून रविवार, असा आपला माझा अंदाज.

ओंकार: म्हणजे तेव्हा सुट्टी म्हणून २६, आता २६ म्हणून सुट्टी 😂

देशपांडे काकू: मग १५ ऑगस्ट कुठून आला?

जोशी सर: माउंटबॅटनच्या डोक्यातून. इंग्रजांनी मुदत दिली होती जून १९४८ ची. यांनी ती अलीकडे ओढली. १५ ऑगस्ट १९४५ ला जपाननं शरणागती जाहीर केली तेव्हा हे आग्नेय आशियात दोस्त फौजांचे सरसेनापती होते, म्हणून तीच तारीख. सण आपला, आठवण त्यांच्या विजयाची! त्यात ज्योतिषांनी दिवस अशुभ ठरवला. शेवटी घटना समितीची बैठक १४ च्या रात्री बसवली, बाराच्या ठोक्यापर्यंत.

नाईक (बी-१०१): आमच्या गोव्यात १५ ऑगस्टला पोर्तुगीज ठाण मांडून होते. आमचा दिवस १९ डिसेंबर, तोही १९६१ चा.

देशपांडे काकू: पण मग बिचारी २६ जानेवारी वाऱ्यावरच की.

जोशी सर: म्हणून तर तिची सोय लावली. राज्यघटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ ला. नागरिकत्वाची वगैरे थोडी कलमं त्याच दिवशी लागू झाली. बाकीची दोन महिने थांबवली आणि २६ जानेवारी १९५० ला लागू केली, जुन्या तारखेचा मान राखायला.

सचिव: सर, मग नोटीस राहू देऊ का तशीच?

जोशी सर: अहो नको! प्रजासत्ताक दिन लिहा. आणि झेंडा खालून वर चढवायचा नाही हं, तो ऑगस्टला. या दिवशी वर बांधून ठेवायचा, दोरी ओढून फक्त उलगडायचा. मागच्या वेळी गाठच सुटेना, पाच मिनिटं सगळे माना वर करून उभे.

ओंकार: आणि पाकळ्या सगळ्या देशपांडे काकूंच्या चहात 😂

सचिव: गाठ मी बघतो. जिलबी किती किलो ते सांगा, हलवाई संध्याकाळी सहानंतर ऑर्डर घेत नाही.