बेसमेंटमधली बेसबॉल कार्डं: भाव कसा काढायचा, कुणाला विकायची?

विभा_एडिसन
यंदा घर विकून काँडोत जातोय. बेसमेंट उपसताना मुलांची बेसबॉल कार्डं निघाली, खेळाडूंचे फोटो छापलेली. पांढरे लांबुळके खोके, गच्च भरलेले. टॉप्स, डॉनरस, फ्लीअर, अपर डेक अशा कंपन्यांची. सगळी साधारण १९८७ ते ९३ ची, कारण तेव्हाच पोरांना वेड होतं आणि खाऊचे पैसे त्यातच जायचे. लाकडी पट्टीची किनार असलेली ८७ ची टॉप्स तर ढिगाने आहेत. शिवाय बुटांचा एक डबा आहे. शेजारचे आजोबा फ्लोरिडाला राहायला गेले तेव्हा मोठ्याला देऊन गेले होते. त्यात जुनी कार्डं, बहुतेक मेट्स या न्यूयॉर्कच्या संघाची, रबरबँड लावून ठेवलेली. मला क्रिकेट विचारा, यातलं ओ की ठो कळत नाही.

एका दुकानदाराला एक खोका आणि डबा दाखवला. खोक्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, डबा मात्र दोनदा चाळला. मग म्हणे, "सगळ्याचे मिळून तीनशे देतो, खोकेही मीच उचलतो." इतका गोड बोलायला लागला की मी डबा काखेत मारून घरी आले. आमचे हे म्हणतात देऊन टाक, जागा तरी होईल. ईबेवर बघावं तर त्याच कार्डाला कुणी हजार डॉलर मागतंय, कुणी दोन. खरं काय धरायचं?

सदा_बाद
मिकी मँटल या जुन्या खेळाडूचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं होतं. ताई, डबा उशाशी घेऊन झोपा!

डगआउट
सदाभाऊ, ते १९५२ चं टॉप्स, ३११ नंबरचं. २०२२ मध्ये लिलावात गेलं. तेव्हा कार्डं हंगामभर हप्त्याहप्त्याने निघायची. त्या वर्षी शेवटच्या हप्त्यातली कार्डं खपलीच नाहीत, आणि पडून राहिलेला माल टॉप्सने पुढे समुद्रात नेऊन बुडवला. त्यातून वाचलेलं आणि कोपरे शाबूत असलेलं कार्ड, म्हणून तो भाव.

विभाताई, तुमच्या खोक्यांचं नेमकं उलटं झालंय. जुन्या कार्डांना पैसे येतात हे ऐंशीच्या दशकात सगळ्यांना कळलं. मग लोकांनी ती जपून ठेवली आणि कंपन्यांनी मागणी बघून बेसुमार छापली. आजही सीलबंद पेट्या मिळतात. त्यामुळे दुकानदाराने खोक्याकडे पाहिलं नाही ते बरोबरच. तरी द्यायच्या आधी तीन गोष्टी शोधा: १९८९ च्या अपर डेकमधलं १ नंबरचं केन ग्रिफी ज्युनियर, १९९० च्या टॉप्समधलं पुढच्या बाजूला नावच न छापलेलं फ्रँक थॉमस, आणि १९९३ च्या एसपीमधलं (हा अपर डेकचाच संच) चमकत्या कागदाचं डेरेक जीटर. उरलेली शेजारपाजारच्या पोरांना वाटा. पोस्टाचा खर्चसुद्धा निघणार नाही.

पैसे असतील तर डब्यात. मेट्सची कार्डं म्हणताय, तर १९६७ चं ५८१ नंबर आणि १९६८ चं १७७ नंबर आधी बघा. पहिल्यावर टॉम सीव्हर आहे, दुसऱ्यावर नोलन रायन, दोघेही दुसऱ्या एका खेळाडूसोबत अर्ध्या-अर्ध्या कार्डावर. ६८ ची किनार तरटासारखी दिसते. दोन्हीच्या नकला बाजारात आहेत, तेव्हा लगेच हुरळू नका. रबर सुकून चिकटलं असेल तर ओढू नका, कात्रीने कापा. आणि कार्ड पुसू नका! ओलं फडकं लागलं की संपलं, कोपरे कातरून 'नीट' केले तर त्याहून वाईट.

ईबेवर मागितलेला भाव बघूच नका, मागायला कुणाच्या बापाचं काय जातं. 'सोल्ड आयटम्स'वर टिचकी मारा, म्हणजे विकल्या गेलेल्यांचे आकडे दिसतील. तेही आपल्याइतक्याच झिजलेल्या कार्डाचे धरा.

शिकागोची_सून
डबा मोठ्याला दिला होता ना? मग आधी त्याला विचारा हो. आमच्याकडे सासूबाईंनी नवऱ्याची कॉमिक्स परस्पर देऊन टाकली. अजून दर थँक्सगिव्हिंगला तो विषय निघतो. आणि मोठी रक्कम आलीच तर कर आहे. वर्षाहून जास्त काळ जवळ असलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर फेडरल दर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअर्ससारखा कमी नाही.

विभा_एडिसन
सीव्हर आहे!! ५८१ नंबर, शेजारी बिल डेनेही नावाचा कुणीतरी. चारही कोपरे बोथट, वरच्या कडेला रबराचा खड्डा, पण मोडलेलं नाही. रायन नाही. मोठ्याला फोन केला, तो म्हणतो सीव्हर मी ठेवणार, बाकी आई तू बघ. बाकी म्हणजे साठेक कार्डं, ६४ ते ६९ मधली, बरीचशी नावं मला अनोळखी.

डगआउट
अशा अवस्थेतलंही खरं असेल तर एकट्या सीव्हरचेच काही शे डॉलर येतात. ५८१ शेवटच्या हप्त्यातलं, हंगाम संपत आल्यावर आलेलं, म्हणून बाजारात कमी. आता कळलं ना दुकानदार डबा दोनदा का चाळत होता? त्याला भाडं, लाइट बिल आहे, निम्म्याने घेतलं तर मी दोष देणार नाही. पण खोक्यांच्या गठ्ठ्यात डबा गुंडाळून मागणं ही चलाखी झाली.

सीव्हर ठेवायचं असलं तरी पीएसए किंवा एसजीसी या कार्डं तपासणाऱ्या कंपनीकडून तपासून घ्या, खरं-खोटं कळेल आणि प्लास्टिकमध्ये बंद होऊन येईल. फी कार्डाच्या किमतीप्रमाणे चढते, त्यामुळे बाकीची साठ पाठवू नका. त्यातली मेझ, आरन, क्लेमेंटे, कोफॅक्स असली गाजलेल्या खेळाडूंची नावं वेगळी काढून एकेक विका, उरलेली वर्षवार गठ्ठे करून. ईबे तेराएक टक्के कापतं हे धरून चाला. उरलेल्यांच्या मागच्या-पुढच्या बाजूचे फोटो इथे टाका, उजेडात, फ्लॅशशिवाय. आणि पीएसएला पाठवताना टॉपलोडर हे कडक प्लास्टिकचं पाकीट नको, कार्ड सेव्हर हे लवचीक पाकीट लागतं.

विभा_एडिसन
शनिवारी टाकते. विली मेझ दोन आहेत, एकावर कुणीतरी पेनाने मिशा काढल्यात. चालेल का?

डगआउट
चालेल, पण मिशांचे पैसे कापले जातील.