लिनोकट: फोंतेन्यासच्या खिडक्या कापून झाल्या, आता काय कापू? आणि पावसाळ्यात छाप का बिघडतो?

शाईनखी, फोंडा
दोन प्रश्न आहेत, एक डोक्याचा, एक हाताचा.

प्रदर्शन बघून आलं की दोन दिवस हात शिवशिवतात, पण वहीत उतरतं ते तेच: फोंतेन्यासची (पणजीतली जुनी रंगीत वस्ती) पिवळी भिंत, निळी खिडकी, एखादा माड. लिनोवर (ठसा कोरायचा लिनोलियमचा मऊ पत्रा) कापलं की पर्यटकांच्या दुकानातलं पोस्टकार्ड तयार. प्रदर्शनात नेमकं काय बघावं आणि रोजच्या दिसण्यातून ठशासाठी विषय कसा उचलावा?

दुसरं. ए-५ आकाराचा राखाडी लिनो, एमडीएफवर (लाकडाच्या भुशाची दाबलेली पाटी) पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला. तेलाची काळी शाई. प्रेस नाही, स्टीलच्या चमच्याने घासते. ठसा पुसायला खोबरेल. मे महिन्यात छाप स्वच्छ येत होता. जुलैत मोठ्या काळ्या भागात पांढरे ठिपके, मधोमध फिकट पट्टा, आठ दिवसांनीही शाई बोटाला लागते. दुसरा रंग चढवला की दीड-दोन मिलिमीटर सरकतो. कुठे चुकतंय?

चिरेबंदी
पोस्टकार्ड होतं कारण विषय रंगावरून निवडला जातो आणि कापला जातो काळ्या-पांढऱ्यात. फोंतेन्यास म्हणजे मुळात रंग. तो काढून घेतला की उरते चौकट आणि कुंडी. लिनोला लागतं ते उंच-सखल, धार आणि ठसठशीत आकार.

गोव्यात बसून लिनो करणाऱ्याने आधी कावी, म्हणजे भिंतीवरची खरवडून काढलेली चित्रं, बघावी. मोरजीच्या मोरजाई मंदिरात ती आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा (तांबडी माती) तांबडा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. खरवडलं ते पांढरं, राहिलं ते तांबडं. लिनोचा कारभार हाच, फक्त मध्ये कागद येतो आणि चित्र उलटं होतं. कथा कुठली हे नंतर बघा. आधी रेघ कुठे जाड सुटली आहे, अंगाचा तांबडा भाग कसा अखंड ठेवला आहे, वेलबुट्टी कोपऱ्यात कशी वळवली आहे ते वहीत उतरवा. भिंतीला हात टेकू नका आणि कागद लावून घासून छाप तर अजिबात घेऊ नका, चुना सुटून येतो.

घासायचंच तर चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडावर, घासा. कुंपणाचा चिरा पावसाळ्यात जवळून बघा: भोकांच्या तळाशी शेवाळ, वरच्या कडा मात्र धुऊन निघालेल्या, दोन चिऱ्यांमधली दरज थोडी पुढे आलेली. हा आयता ठसाच आहे. कडांना शाई लागेल, भोकं पांढरी राहतील. दोन दिवस ऊन मिळालं की ब्रशने माती झाडा, पातळ कागद कागदी टेपने चिकटवा आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा. त्या कागदाचा हाताएवढा तुकडा निवडून ट्रेसिंग घ्या, ते पालथं घालून कार्बनने लिनोवर उतरवा. भोकांसाठी ३ मिलिमीटरचं यू-टोक (यू आकाराच्या धारेचं कोरायचं हत्यार) उभं धरायचं आणि हत्यार जागेवर ठेवून ठसाच गोल फिरवायचा. हत्यार फिरवलं की भोकाची कड फाटते.

आता प्रदर्शनं. छापचित्रासमोर आधी बाजूला सरकून उभे राहा, उजेड तिरपा पडेल असे. एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेलं) असेल तर प्लेटच्या कडेची दबलेली चौकट दिसते. लिनो किंवा लाकडी ठसा असेल तर आकाराच्या कडेला दाबाने बाहेर ढकललेल्या शाईची बारीक गडद किनार असते. सिल्कस्क्रीनचा (जाळीच्या कापडातून दाबलेला) रंग कागदावर बसलेला दिसतो, लिथोचा (सपाट दगडावरून छापलेला) सपाट. मग खालची पेन्सिल वाचा: ७/२० म्हणजे वीस छापांच्या एडिशनमधला, म्हणजे एकाच ठशाच्या संचातला, सातवा. किती ठसे, कुठला रंग आधी, पांढरा म्हणजे कोरा कागद की छापलेला रंग, हे तिथेच लिहून काढा. घरी येईपर्यंत विसरतं.

छापचित्रं लागली नसतील तरी काम होतं. फोंतेन्यासात फुंदासांव ओरिएन्त या संस्थेत चित्रकार त्रिंदाद यांच्या तैलचित्रांचा संग्रह आहे. एका व्यक्तिचित्रासमोर डोळे अर्धे मिटून तीनच छटा शोधा: कागद, मधली, काळी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दहा मिनिटांत. चौथी छटा दिसली तर ती तिनांतल्या कुठल्या छटेत ढकलायची ते तिथेच ठरवायचं. लिनोतलं अर्धं कौशल्य या ढकलण्यात आहे. पर्वरीच्या झेवियर सेंटर या संशोधन संस्थेत चित्रकार आंजेलु दा फोन्सेका यांचा संग्रह आहे. तिथे सपाट आकार आणि बाह्यरेषा यांचा हिशेब बघा. आल्तिनोला सुनापरांत हे कलाकेंद्र आहे, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे. डिसेंबरात सेरेंडिपिटी कलामहोत्सवाच्या वेळी पणजीत इतकं लागतं की सगळं बघायला गेलात तर काहीच बघून होत नाही. दिवसाला एक दालन पुरे.

रोलर आणि रद्दी
हाताच्या प्रश्नाचं घेतो.

मधला पट्टा: तुमचा एमडीएफ वाकलाय. पुढून लिनोने झाकलेला, मागून उघडा. मागची बाजू दमट हवा पिऊन फुगते, पुढची तेवढी फुगत नाही, त्यामुळे पुढचा मधला भाग खोल जातो. स्टीलची पट्टी तिरपी टेकवून उजेडासमोर धरा, मधून उजेड दिसेल. पांढरा गोंद पाण्याचा, तोही भर घालतो. नवीन पाट्यांना चिकटवायच्या आधीच दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः चारी कडांना लाखेचं पॉलिश किंवा वार्निश दोन हात द्या. या ठशापुरतं सांगायचं तर चमच्याने छापायला पाटी लागतच नाही. पुढचा लिनो सुटाच जाड काचेवर ठेवून छापा.

पांढरे ठिपके: संशय खोबरेलावर. तेलाने पुसणं चांगलं, रॉकेलने लिनो कोरडा पडून कडा तुटतात. पण तेलाचा पापुद्रा राहिला की पुढची शाई त्यावर बसत नाही. तेलानंतर थेंबभर भांड्यांचा साबण लावलेलं ओलं फडकं, मग कोरडं फडकं. नळाखाली धरू नका, लिनोच्या मागे तागाचं कापड असतं, ते पाणी प्यायलं की ठसा वेडावाकडा होतो. नव्या लिनोवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर एकदा हलका फिरवला तरी चिकटपणा जातो. ठिपका प्रत्येक छापात त्याच जागी असेल तर ठशावर खळगा किंवा चिकटलेला कण आहे. जागा बदलत असेल तर कागदाची लव, धूळ किंवा कमी शाई.

शाई किती? काचेवर रोलर फिरवताना चिकट चटचट आवाज आला तर जास्त. बारीक सळसळ आणि मखमली पोत दिसला की बरोबर. एकदा जाड लावण्यापेक्षा तीन वेळा पातळ, दर वेळी दिशा बदलून. बारीक रेघा भरून येत असतील तर शाई जास्त आहे, दाब नव्हे.

घासताना कागदावर बटर पेपर ठेवा, नाहीतर चमच्याने कागदाची लव उठते. मधून कडेकडे, छोट्या गोलात, ए-५ ला पाच-सात मिनिटं. एक कोपरा उचलून बघा, बाकीचा तळहाताने दाबून धरा. फिकट दिसलं तर कोपरा परत टेकवून तेवढंच घासा. हाताने छापायला ६० ते १०० ग्रॅमचा पातळ, कमी खरखरीत हातकागद घ्या. २५० ग्रॅमचा प्रेसशिवाय नको, खांदा दुखेल आणि काळा भरणार नाही.

वाळणं: तेलाची शाई पाण्यासारखी उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. दमट बंद खोली, जाड थर आणि शाई न पिणारा कागद एकत्र आले की आठ दिवसही कमी. चमचाभर शाईला कोबाल्ट ड्रायर (शाई लवकर वाळवणारं द्रव) एक ते दोन थेंब, बस. पाच टाकलेत तर रोलरवरच साय धरेल आणि छाप चकाकेल. छाप दोरीवर चिमट्यांनी टांगा, एकमेकांवर ठेवू नका. ऑफसेटची (छापखान्यातली) शाई वापरत असाल तर ती जाड थरात वाळायला बनवलेलीच नसते, हेही लक्षात ठेवा.

सरकणं: ठसा सरकत नाही, कागद वाढतो. कागदाचे तंतू ओलाव्याने लांबीपेक्षा रुंदीला जास्त फुगतात. म्हणून सगळे ताव एकाच दिशेने कापा. दिशा कळत नसेल तर एक तुकडा एका बाजूने ओला करा. त्याची जी सुरळी होते तिच्या लांबीच्या दिशेने तंतू असतात. छापायच्या आधी कागद त्याच खोलीत चोवीस तास टांगा. पहिला रंग एसीत आणि दुसरा एसी बंद, हे नको. आणि पुठ्ठ्याचा काटकोन करून ठेवा: ठशासाठी एक कोपरा, कागदासाठी दुसरा. अंदाजाने ठेवलेला कागद उन्हाळ्यातही चुकतो.

माटोळीखाली
चिरेबंदींच्या घासण्याला माझा थोडा विरोध. पोत मिळाला की चित्र झालं असं वाटू लागतं, आणि वर्षभराने भिंतींच्या तुकड्यांचा ढीग जमतो. एका ठशात पोत एकच ठेवा, बाकीचं सपाट.

विषय म्हणाल तर चवथ तोंडावर आहे, माटोळीकडे (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बघा. गणपतीवर लाकडी चौकट, तिला टांगलेलं तोरिंगण, कवंडळ, आंबाडे, सुपारीची शिपटी, नारळाची पेंड. खालून उजेडाकडे बघितलं की सगळ्याच्या काळ्या सावल्या दिसतात आणि चौकटीच्या चौकोनांत त्या आपोआप वाटल्या जातात. रंग विसरा, फळांमधली पांढरी जागा काढा. कवंडळ आणि आंबाडा बाह्यरेषेवरून वेगळे ओळखू येईपर्यंत काढत राहा. ओळखू आले नाहीत तर खोदून आणखी तपशील घालायचा मोह होतो, पण त्यावर इलाज म्हणजे आकार दुसऱ्या बाजूने बघणे.

आणि बाजारात मासे आहेतच. माशाचा थेट छाप घ्यायची जपानी पद्धत आहे, ग्योताकु. मासा मिठाने चोळून बुळबुळ धुवा, टिपून कोरडा करा, पर टाचण्यांनी पसरवा, पाण्याच्या शाईचा पातळ हात द्या, वर पातळ कागद ठेवून बोटांनी दाबा. बांगड्याचा खवला बारीक, छाप गुळगुळीत येतो. तामसो (तांबडा, मोठ्या खवल्यांचा मासा) घ्या, खवल्यांची जाळी स्पष्ट उठते. त्या जाळीची पुनरावृत्ती लिनोत कशी सोपी करायची, हा एक महिन्याचा अभ्यास आहे. (शाई लागलेला मासा आमटीत घालू नये, हे वेगळं सांगायला नको.)

अवांतर: भारतात छापखाना पहिल्यांदा उतरला तो १५५६ साली गोव्यातच, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात. आज तिथे दर्शनी कमान तेवढी उभी आहे. चिऱ्याची आहे, चिरेबंदींनी खडू घेऊन जाऊ नये.

शाईनखी
पट्टी टेकवली, मधून उजेड दिसतो. पाटी गेली. दुसरा रंग चढवते ते एकच लिनो टप्प्याटप्प्याने कापून. तसाच चिरा तीन रंगांत केला तर कागद किती घ्यावेत, आणि चिऱ्याचा रंग नेमका कशातून येतो? नुसता तांबडा घेतला तर विटेसारखा दिसतो.

रोलर आणि रद्दी
बारा चांगले हवे असतील तर अठरा ताव. एकदा पुढचं कापलं की मागचा रंग परत छापता येत नाही, त्यामुळे बिघडणारे आधीच धरायचे. शिवाय दर टप्प्याला दोन छाप रद्दीवर.

फिकट ते गडद. पहिला हात यलो ऑकर (मातीसारखा पिवळा), त्यात तिसरा हिस्सा ट्रान्स्परंट मिडियम (शाई पारदर्शक करणारं मिश्रण), नाहीतर वरचे रंग मातकट होतात. दुसरा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). तिसऱ्याला काळा घेऊ नका, बर्न्ट सिएनात नखाएवढा प्रशियन ब्लू (गडद निळा) घाला, भोकातल्या ओल्या सावलीचा तपकिरी मिळेल. विटेसारखं दिसतं कारण खालचा पिवळा नसतो.

कावेची पूड आणून तेलात घोटायचा मोह टाळा. नीट घोटली नाही तर तिचे कण रोलरला ओरखडे पाडतात.

चिरेबंदी
आणि पांढरा कुठे ठेवायचा ते पहिल्याच कापण्यात ठरतं. दरज पांढरी हवी असेल तर ऑकर लावायच्या आधी ती कापा. शेवाळासाठी चौथा टप्पा नको. दुसऱ्या हाताच्या वेळी दुसरा छोटा रोलर घेऊन भोकांच्या भागापुरता हिरवट ऑकर लावा, सिएना बाकीच्या भागात. दोन्ही रंग एकाच दाबात उतरतात. जिथे ते एकमेकांत मिसळतील तिथली कड धूसर येते, ती शेवाळाला शोभते.