मदत हवी आहे: चुन्याचं काम जाणणारा गवंडी
नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या डिचोलीतले सात-आठजण रविवारी गावची जुनी चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) तळी साफ करतो. गाळ निघाला, पायऱ्या दिसल्या. पण मागं कुणीतरी सांधे सिमेंटनं भरलेत, तिथंच चिरे झडतायत. चिरा सच्छिद्र, ओल बाहेर पडायला वाट हवी. सिमेंट ती अडवतं. (हे आम्हालाही उशिराच कळलं, आधी आम्हीच दोन पोती आणली होती!) चुना भिजवून, मळून सांधे भरणारा गवंडी कुणाच्या ओळखीत आहे का? जवळच नार्व्याला शिवरायांनी १६६८ मध्ये सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तिथल्या अलीकडच्या कामावरचं कुणी असेल तर उत्तमच. शिवाय, जुनं सिमेंट चिरा न फोडता कसं काढायचं? पावसाआधी हात घालायचाय.