पूलचा पंप पाणी धरत नाही, झाकणात नुसते बुडबुडे, पंप बदलायचा का?

नागावची_वाडी

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. अलिबागजवळ नागावला आमचा होमस्टे आहे, मागे वाडीत छोटा स्विमिंग पूल, ८ बाय ४ मीटर, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४० हजार लिटर धरा. पंप १ एचपीचा, सिंगल फेज, पूलच्या शेजारी जमिनीवर बसवलाय म्हणजे पाण्याच्या लेव्हलच्या थोडा वर. सध्या चालू केला की बास्केटच्या (पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी) पारदर्शक झाकणात पाणी अर्ध्यापर्यंतच येतं, आत फेस फेस, आणि पूलमध्ये जिथून पाणी परत येतं तिथून बुडबुडे. फिल्टरवरचा दाबाचा काटा एक किलोच्या आसपास असायचा तो आता अर्ध्यावर थरथरतोय. मधेच पाणी सुटतं, मग बंद करून बास्केटमध्ये बादलीने पाणी ओतायचं आणि परत चालू. मेंटेनन्सवाला म्हणतो मोटर वीक झालीय, नवीन पंप घ्या. पाणी हिरवट व्हायला लागलंय आणि सुट्ट्यांचं बुकिंग तोंडावर. खरंच पंप गेलाय का?

पाणीदार_सांगली

ताई, नवीन पंपाचे पैसे अजिबात देऊ नका एवढ्यात. तुम्ही जे लिहिलंय ते सगळं हवा धरल्याचं लक्षण आहे, मोटरचं नाही. पंप स्ट्रॉसारखा ओढतो, स्ट्रॉला कुठे बारीक भोक असेल तर तोंडात पाण्याऐवजी हवाच येणार. आणि ही हवा फक्त पंपाच्या अलीकडे, सक्शनच्या बाजूलाच शिरू शकते, कारण पंपाच्या पुढे दाब असतो, तिथे लीक असेल तर पाणी बाहेर उडेल, हवा आत येणार नाही. म्हणजे निम्मं शोधकाम इथेच संपलं, फिल्टर आणि त्यापुढचे पाइप सोडून द्या.

आधी पूलची लेव्हल बघा. उन्हाळ्यात पाणी उडतं, पोरं उड्या मारून बाहेर फेकतात ते वेगळं. स्किमरच्या, म्हणजे पूलच्या भिंतीतल्या वरचं पाणी ओढणाऱ्या खिडकीच्या, तोंडाच्या निम्म्याच्या खाली गेलं की तो हवा ओढतो. स्किमरची झडप वर अडकलीय का तेही बघा, पानं अडकून असं होतं.

मग बास्केटचं झाकण. त्याची ओ-रिंग (रबराची गोल रिंग) काढा, बोट फिरवा, चपटी झाली असेल किंवा चीर असेल तर बदला, फार महाग नसते. ती बसते ती खाच पुसून घ्या, वाळूचा एक कण पुरतो हवा शिरायला. वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, व्हॅसलीन नको, त्याने काही रबर फुगतात आणि सैल पडतात.

तरी बुडबुडे राहिले तर पंप चालू ठेवून सक्शनच्या एकेका जोडावर मगाने पाणी ओता. ज्या जोडावर पाणी ओतल्यावर झाकणातले बुडबुडे क्षणभर कमी होतात तोच चोर. दाढीचा फेस लावूनही कळतं, जिथे फेस आत ओढला जातो तिथे लीक. तुमचा पंप पाण्याच्या वर आहे म्हणून बंद केल्यावर त्या जोडातून थेंब पडणार नाही, त्यामुळे जागा कोरडी दिसली तरी ठीक आहे असं धरू नका.

माझा पहिला संशय पंपात शिरणाऱ्या आट्यांच्या जोडावर आहे. पाणी सुटून पंप कोरडा फिरला की आतलं उरलंसुरलं पाणी तापतं आणि पीव्हीसीचे आटे आकसतात, मग टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, हवा येतच राहते.

सोसायटी_सेक्रेटरी_कोथरूड

वरचं सगळं बरोबर, फक्त एक जोडते. काटा आणि झाकण दोन्ही एकत्र बघायची सवय लावा. काटा कमी आणि झाकणात बुडबुडे म्हणजे हवा. काटा कमी पण झाकण स्वच्छ भरलेलं म्हणजे कुठेतरी चोक, बास्केट नाहीतर इंपेलरमध्ये (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) कचरा, आमच्याकडे एकदा इंपेलरमधून केस आणि बँडेज निघालं. आणि काटा नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण किलो वर चढला तर फिल्टरची वाळू भरलीय, बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवा. मल्टीपोर्टचा (फिल्टरवरचा पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह) दांडा मात्र पंप बंद करूनच फिरवा, चालू पंपावर फिरवला की आतलं गॅस्केट जातं आणि मग पाणी सारखं वेस्टच्या पाइपातून वाहत राहतं.

नागावची_वाडी

सांगलीवाले दादा, तुम्ही म्हणालात तोच जोड निघाला! लेव्हल ठीक होती, ओ-रिंग नवीन टाकली, थोडा फरक पडला पण फेस होताच. मग मगाने पाणी ओतत गेलो, पंपाच्या तोंडाशी ओतलं आणि झाकण भरलं की हो. प्लंबरने आट्यांचा तुकडा काढून दाखवला, टोकाला स्पष्ट निमुळता झालाय. नवीन टाकून आता झाकण काठोकाठ, काटा एक किलोवर स्थिर. पण दुसरंच सुरू झालंय, संध्याकाळी चालू करायला गेलं की मोटर नुसती हूं करते, फिरत नाही, थोड्या वेळाने ट्रिप. सकाळी व्यवस्थित चालते.

वायरमन_दापोली

हूं करून अडकते म्हणजे बहुतेक कंडेन्सर (मोटरला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर), पण सकाळी चालते आणि संध्याकाळी नाही म्हटल्यावर आधी व्होल्टेज मोजा. आपल्याकडे किनाऱ्यावर संध्याकाळी सगळ्यांचे एसी आणि पंप एकदम लागतात, २३० च्या जागी १८० मिळालं तर सिंगल फेज मोटर उचलत नाही, उलट तापते आणि वाइंडिंग जळतं. तसं असेल तर टायमर लावून दिवसाच चालवा. ६ तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जायला ताशी साधारण ७ हजार लिटर लागतात, दिवसाउजेडी आरामात होतं.

व्होल्टेज ठीक निघालं तर मेन बंद करून मागच्या पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवून बघा. मोकळा फिरला तर कंडेन्सर, जड किंवा खरखर वाटली तर बेअरिंग. मोटर आणि पंपाच्या मधल्या फटीतून पाणी टपकत असेल तर मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारं) गेलंय, कोरडा फिरलेल्या पंपाचं ते जातंच, आणि तेच पाणी पुढे बेअरिंग खातं, म्हणून ते लांबवू नका. कंडेन्सर मात्र वायरमनकडूनच बदला, लाइन बंद केली तरी त्यात चार्ज राहतो, जोरात झटका बसतो. पूलच्या लाइनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग आहे ना? नसेल तर पाहुणे यायच्या आधी ते करा, बाकी सगळं नंतर.

पाणीदार_सांगली

वा ताई, काम झालं. सीलचं दापोलीकर म्हणतात ते आजच बघा, तुमचा पंप बऱ्याचदा कोरडा फिरलाय. पाणी हिरवट आहे तोवर क्लोरीन सूर्य मावळल्यावर टाका, उन्हात लवकर उडतं, भिंती ब्रशने घासा आणि पंप चालू ठेवा. तळाची जाळी वरून स्वच्छ दिसेपर्यंत कोणाला आत सोडू नका. आणि त्या जाळीचे स्क्रू एकदा हात लावून बघा. स्किमर चोक झाला किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर सगळी ओढ तळाच्या जाळीवर येते, जाळी सैल किंवा तुटकी असेल तर लहान मुलाचे केस, हात त्यात अडकतात आणि मोठ्या माणसाच्या ताकदीनेही सुटत नाहीत. पंपाचा स्विच पूलजवळ, पटकन हात पोचेल पण ओल्या हाताने कोणी लावणार नाही अशा जागी घ्या आणि तुमच्या माणसाला तो कुठे आहे ते दाखवून ठेवा.