ऑगस्टमध्ये ग्रीसच्या सिक्लाडीज द्वीपसमूहातल्या बेटावर उघड्यावर स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांचा संच): वाऱ्याचं काय?

प्रश्न: चर्चच्या अंगणात मैफल आहे. स्वरलिपीची पानं कशी सांभाळायची?

उत्तर १: मेल्तेमी, म्हणजे तिथला उन्हाळी वारा, उत्तरेकडून येतो, त्यामुळे वादकांच्या पाठीशी उत्तरेची भिंत हवी. दुपारी जोर जास्त; वेळ रात्री नऊची ठेवा. पानांना नुसते चिमटे पुरत नाहीत, मधला भाग फुगतो. वर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावा, स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी.

उत्तर २: वाद्यं उन्हात ठेवू नका, वार्निश मऊ पडतं. अर्धा तास आधी अंगणात आणा, मगच सूर लावा. दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात. जोर लावाल तर तार तुटेल.

उत्तर ३: आणि बेटावर नेणारी फेरीबोट! वारा आठ बोफोर्टला (वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी) पोचला की पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, सुटणाऱ्या बोटी सहसा थांबवतात, वेगवान बोटी त्याआधीच. वादक दोन दिवस आधी पोचू देत.