मदत हवी आहे: अरबी समुद्रात वादळ, घर कौल-पत्र्याचं, गाव खानापूरच्या घाटपट्ट्यात

जांबोटीरोड
नमस्कार मंडळी. कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळ होऊन ते गोव्यासमोरून उत्तरेकडे सरकेल असा अंदाज आहे. आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, जांबोटी आणि कणकुंबीच्या मध्ये, समुद्र हवेतल्या अंतराने ५०-६० किलोमीटर. घराचा पुढचा भाग मंगलोरी कौलांचा, मागची पडवी आणि गोठा पत्र्याचा. अंगणात दक्षिणेला जुना फणस. वाडीत ३४ घरं, एकच विहीर (व्यास ३ मीटर, सध्या पाणी ४ मीटर). एका बाईंना नववा महिना लागलाय, दोन म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलेली. हातात दोन दिवस आहेत. पत्र्यावर दगड आणि वाळूची पोती ठेवायची म्हणतात, ते पुरेल का? आणि आधी काय हातात घ्यावं?

वाऱ्याचीवाट
आधी वाऱ्याची दिशा समजून घ्या, कारण तुमची सगळी तयारी चुकीच्या बाजूला व्हायची शक्यता आहे. आपल्याकडे आडोसे बांधलेले असतात पश्चिमेच्या झडीसाठी. चक्रीवादळात वारा घड्याळाच्या उलट फिरतो. केंद्र तुमच्या नैऋत्येला असताना वारा आग्नेयेकडून येईल, बरोबर पश्चिमेला आलं की दक्षिणेकडून, वायव्येला सरकलं की नैऋत्येकडून. घाटातल्या खिंडीत तो थोडा वळतो, पण हिशेब हाच. म्हणजे तुमचा फणस पडलाच तर घरावर पडणार.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते असंच गोव्यासमोरून वर गेलं आणि १७ मे रोजी रात्री सौराष्ट्रात किनाऱ्याला लागलं. अशा वेळी बातम्यांत येतो तो वेग केंद्राजवळचा, समुद्रावरचा. ताशी ६२ ते ८८ किलोमीटरला ‘चक्रीवादळ’ आणि ८९ पासून ‘तीव्र चक्रीवादळ’ म्हणतात. जमिनीवर, डोंगराआड तो बराच उतरतो. पण झोत येतातच, आणि घाटमाथ्यावर पाऊस उलट वाढतो, कारण दमट वारा चढावर चढतो. तुमचा खरा शत्रू भिजून सैल झालेली माती, झाडं आणि तारा.

वादळ असताना हवामान खात्याचं पत्रक दर ३ तासांनी निघतं, तेच बघा. पणजीच्या रडारचं चित्र तुमच्या भागाला लागू पडतं. व्हॉट्सॲपवरचे रंगीत नकाशे सोडून द्या.

छप्परकाम
दगड अजिबात नकोत. ताशी ६० च्या झोताचा दाब दर चौरस मीटरला साधारण १७ किलो, ८० ला ३० किलो. १० फूट बाय ३ फुटांचा पत्रा म्हणजे २.८ चौरस मीटर. ८० च्या झोताला त्याच्यावर ८० किलोच्या वर ओढ येते आणि पत्र्याचं स्वतःचं वजन १२-१३ किलो. वळचणीला तर खालून दाब आणि वरून ओढ दोन्ही मिळून आणखी जास्त. चार-पाच किलोचा दगड तिथे काय करणार? पत्रा उडताना तोच कुणाच्या तरी डोक्यात बसतो.

पत्रा खिळ्यांनी ठोकलाय की हुक बोल्टने?

जांबोटीरोड
पडवीला हुक बोल्ट, पण वायसर कुजलेत. गोठ्याला लाकडी रिपांवर नुसते खिळे.

छप्परकाम
मग गोठा आधी. साधा खिळा झोतागणिक थोडा थोडा वर सरकतो आणि एकदा कड सुटली की बाकीचे चेनसारखे उघडतात. वळचण, आढं आणि दोन्ही टोकांच्या कडा इथे एक नळी सोडून एक, मध्ये दोन सोडून एक असा स्क्रू किंवा बोल्ट हवा. भोक नळीच्या माथ्यावर पाडा, खोबणीत पाडलं तर गळणार. बिटुमिनचा वायसर लावा आणि नळी चपटी होईपर्यंत आवळू नका.

तेवढा वेळ नसेल तर ८ गेजची जस्ताची तार दुहेरी करून छपरावरून आडवी टाका, कडेपासून फूटभर आत, आणि खाली खांबाच्या बुंध्याशी पिळून ताणा. रिपेला बांधू नका, नाहीतर रीप-पत्रा दोन्ही एकत्र जातील. तारेखाली पत्र्यावर बांबू घाला म्हणजे ती पत्रा कापणार नाही. पोती ठेवायचीच तर २५-३० किलोची, वाशाच्या रेषेत, तारेला बांधून.

कौलांच्या पाठीवर तार ओवायला भोक असतं, ते याचसाठी. वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं रिपांना बांधून घ्या. आढ्याला आता नवा सिमेंटचा माल लावू नका, ओला असताना पाऊस लागला की धुऊन जाईल. वासे भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने जखडलेत का, ते आतून बघा. बहुतेक जुन्या घरांत ते नुसते टेकलेले असतात.

दारं-खिडक्या सगळ्या बंद. ‘एक उघडी ठेवा म्हणजे दाब सारखा राहतो’ हे चूक आहे. वारा आत शिरला की छपराला खालून ढकलतो. सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पाय देऊ नका, फळी टाकून चढा. छतावरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवा. हजार लिटरची टाकी भरली की जागची हलत नाही, रिकामी उडते.

रानवाट
फणसाच्या फांद्या विरळ करा, शेंडा मारू नका. जाड फांदीला आधी खालून एक तृतीयांश काप, मग तिथून बोटभर बाहेर वरून काप, शेवटी उरलेलं खोडापाशी. नुसती वरून कापली तर साल सोलत फांदी झोक्याने खाली येते, आणि कापणारा शिडीवर असतो. विजेच्या तारेजवळचं काम हेस्कॉमचं (इथली वीज कंपनी), १९१२ वर आजच नोंदवा. त्या रात्री घराच्या उत्तरेकडच्या खोलीत झोपा. वाटेवर निलगिरी-अकेशिया असेल तर रस्ता बंद होणार हे धरूनच चाला.

मलप्रभाकाठ
म्हणूनच नववा महिना लागलेल्या बाईंना आजच खानापूरला किंवा बेळगावला नातेवाइकांकडे पोचवा, हॉस्पिटलजवळ. चोर्ला रस्त्यावर झाड पडलं की रुग्णवाहिकाही अडकते. त्या दोन म्हाताऱ्यांसाठी प्रत्येकी दोन माणसं नावानिशी ठरवा, ‘कुणीतरी बघेल’ असं नको. शाळेची किल्ली, कोयते, करवत, दोर आणि बॅटऱ्या एका घरात. इशारे कन्नडमध्ये येतात, ते लगेच मराठीत सांगणारा एक जण नेमा. पीडीओ (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी), तलाठी आणि लाईनमनचे नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाईल बंद पडतात. जिल्ह्याचा आपत्ती क्रमांक १०७७, तातडीला ११२.

गुरं सैल पत्र्याखाली बांधून ठेवू नका. पक्का गोठा कुणाचा असेल तर तिकडे न्या. नसेल तर दावं सोडा, पण झाडाखाली आणि तारेखाली नको. छप्पर, पीक, गुरं यांचे फोटो आधी काढून ठेवा, पंचनाम्याला लागतात.

ताराजोड
जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, पडवीत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. प्लग सॉकेटमध्ये घालून घराला उलटी वीज देऊ नका, ती ट्रान्सफॉर्मरमधून खांबावर चढते आणि खाली लाईनमन काम करत असतो. चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाईन तोडून घर जनरेटरवर घेणारा) नसेल तर फ्रिज, दिवा थेट जनरेटरला जोडा. पडलेल्या तारेपासून ३० फूट लांब, ‘लाईट गेलीय’ हा पुरावा नव्हे.

जांबोटीरोड
सगळ्यांचे आभार. विहिरीचं काय करायचं?

मलप्रभाकाठ
वादळाआधी माणशी दिवसाला ४ लिटर धरून तीन-चार दिवसांचं पिण्याचं पाणी भरून झाका. नंतर विहिरीत गढूळ पाणी शिरलं तर: ३.१४ × ३ × ३ × ४ ÷ ४ = सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर धरली तर ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर दुप्पट घ्या. बादलीत कालवून गुठळ्या मोडा, १० मिनिटं निवळू द्या आणि वरचं पाणीच विहिरीत सोडा. चुना खाली उरतो तो ओतायचा नाही. बादली वर-खाली करून ढवळा, तासभर थांबा. क्लोरिन वास लागेल इतका असला पाहिजे, तपासणी पट्टी मिळाली तर लिटरला अर्धा मिलीग्रॅम. पावडर महिनोन्‌महिने उघडी पडलेली असेल तर तिच्यात जोर उरत नाही, नवीन पाकीट आणा. तोवर पाणी खळखळ उकळूनच प्या.

छप्परकाम
आणि बोल्ट-तार आज संध्याकाळपर्यंतच आणून ठेवा. इशारा ‘तीव्र’ झाला की खानापूरच्या हार्डवेअरच्या दुकानांत ८ गेजची तार मिळत नाही.