पाच रुपयाच्या नाण्यावर डबल अक्षरं, खरा डबल डाय कसा ओळखायचा?

गल्लेवाला, सेलू:
नमस्कार मंडळी. आमचं किराणा दुकान आहे, परवा रात्री गल्ल्यातली चिल्लर मोजताना जुनं जाड पाचचं नाणं सापडलं, सालाखाली चांदणी आहे म्हणजे हैदराबाद टाकसाळीचं. त्यावरचं "रुपये" आणि सालाचे आकडे डबल दिसायलेत, मोबाईलच्या टॉर्चखाली तर लईच स्पष्ट. व्हिडिओवाले सांगायलेत की असलं नाणं लाखात जातं. एकाला फोटो पाठवला तर तो दीड लाख देतो म्हणला, पण आधी अडीच हजार रजिस्ट्रेशन भरा म्हणून मागं लागलाय. नाणं खरंच डबल डाय आहे का कसं बघायचं? नीट सांगा, आमच्याकडं या विषयातलं कुणीच नाही.

जालनेकर:
दादा आधी ते अडीच हजार भरू नका, कितीही फोन येऊ द्या. नाण्यांच्या खरेदीविक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावानं कुणी फी, कमिशन, टॅक्स मागत असेल तर ती फसवणूक आहे असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय, आणि बँकेचं नाव घेतलं नाही तरी घेणारा माणूस विकणाऱ्याकडून पैसे कशाला मागंल?

आता नाण्याचं. डाय म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा पोलादी ठसा. तलाठ्याचा रबरी शिक्का डोळ्यासमोर आणा. शिक्का करतानाच अक्षरं दोनदा कोरली गेली तर त्या शिक्क्याचा प्रत्येक कागद सारखाच डबल उमटणार, हा झाला डबल डाय. आणि शिक्का चांगला आहे पण उचलताना हात सरकला तर तेवढाच कागद फरफटणार, त्याला मशीन डबलिंग म्हणतात. टाकसाळीत डाय बनवताना हब नावाचा उठावाचा साचा मऊ पोलादात दाबतात. दाबानं पोलाद कडक होतं म्हणून पूर्वी ते तापवून मऊ करायचे आणि परत दाबायचे, दुसऱ्या वेळी जरा जरी फिरून बसलं की डायवरच दोन चित्रं. हल्ली बऱ्याच ठिकाणी एकाच दाबात डाय होतो त्यामुळं मोठा ठसठशीत डबल डाय नव्या नाण्यांत सहसा होत नाही. मशीन डबलिंग मात्र ढिगानं, कारण प्रेसमधला डाय जरा ढिला असला की ठोका बसल्यावर तो थरथरतो आणि ताजं अक्षर घासून एका बाजूला लोटतो.

तुम्ही असं करा, सराफ्यातून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा आणि नाणं तिरपं धरून "रु" ची शिरोरेषा संपते तिथं बघा. डबल डाय असला तर टोकाला खाच दिसंल, दोन टोकं वेगवेगळी, दोन्हीला गोलाई आणि अक्षर एकंदर जाड. मशीन डबलिंग असलं तर अक्षराच्या बाजूला खाली एक चपटी चकचकीत पायरी दिसंल आणि मूळ अक्षर उलट बारीक झालेलं असंल, कारण ती पायरी त्याच्याच धातूची आहे.

लातूरहून:
वरचं बरोबर. माझी आपली सोपी पद्धत, त्याच सालाची त्याच टाकसाळीची अजून नाणी शोधा, तसंच डबल दुसऱ्यावर सापडलं की डबल डाय पक्का.

जालनेकर:
पक्का नाही हो. झिजलेल्या डायनं पण नाण्यामागं नाणं डबल दिसतं. जात्याला टाकी लावायची राहिली की पीठ जाडंभरडं येतं तसं, डाय लाखो ठोके खाऊन थकला की अक्षरांच्या कडा पसरतात, बाजूला धूसर सावली येते, विशेषतः काठाकडं. अमेरिकेचा 1955 चा एक सेंट बघा. त्या साली खऱ्या डबल डायची वीसेक हजार नाणी बाहेर गेली, साल नि अक्षरं नुसत्या डोळ्याला डबल दिसतात, त्याला आज मोठी किंमत. त्याच सालच्या दुसऱ्या सेंटवर झिजलेल्या डायमुळं शेवटचा 5 डबल दिसतो, लोक त्याला गरिबाचा डबल डाय म्हणतात आणि त्याला फारसं कुणी विचारत नाही. दुसरं नाणं सापडणं उपयोगाचं आहेच, पण खाच त्याच अक्षरावर त्याच जागी पाहिजे, अंदाजानं सारखं वाटलं म्हणून चालत नाही.

पैठणकर:
एक राहिलं. अख्खं नाणंच दोनदा ठोकलं गेलं तर ते डबल स्ट्राइक, त्यात पहिलं चित्र दुसऱ्या ठोक्याखाली चेपून पुसट होतं. हातोड्यानं पाडलेल्या जुन्या नाण्यांत हे नेहमीचं, खुजिस्ता बुनियाद म्हणजे आपल्या औरंगाबादच्या टाकसाळीच्या नाण्यांवर पण दिसतं, त्याला डबल डाय म्हणून कुणी विकत असंल तर घेऊ नका. आणि दादा, नाणं चिंच, राख, लिंबू काही लावून घासू नका, घासलेलं नाणं जाणकार हातात पण घेत नाही.

गल्लेवाला, सेलू:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सोनाराकडं बसून भिंगातून बघितलं. शिरोरेषेला खाच नाहीच, "प" च्या उजव्या अंगाला सरळ चपटी पायरी, सालाच्या आकड्यांना पण त्याच बाजूला. म्हणजे मशीन डबलिंग. रजिस्ट्रेशनवाल्याला ब्लॉक केलं. आमच्या आईच्या डब्यात निजामाच्या काळची चारमिनारवाली चार नाणी आहेत, त्यातल्या एकावर मिनाराची कड डबल दिसायली, उद्या उजेडात नीट फोटो काढून टाकतो, घासत नाही.